कान, करंट आणि काना-मात्रा

डोक्याला हलकासा करंट दिला की डिस्लेक्सिया असलेली मुलं भराभर वाचायला लागतात, असं सांगणारे व्हिडिओ आता तासगावच्या द्राक्षबागांपर्यंत पोचलेत. त्यात खरं किती, अर्धवट किती आणि घरातल्या पोरासाठी आज उपयोगाचं काय?

'तारे जमीन पर' २१ डिसेंबर २००७ ला रिलीज झाला, तेव्हा आज पंचविशी-तिशीत असलेले आपण सगळे शाळेत होतो. थिएटरमधून बाहेर पडताना आया डोळे पुसत होत्या आणि पोरं उरलेलं पॉपकॉर्न संपवत होती. या एका सिनेमाने 'डिस्लेक्सिया' हा शब्द घराघरांत पोचवला. सोबत एक चित्रही डोक्यात फिट करून टाकलं, वहीच्या पानावर नाचणाऱ्या अक्षरांचं. तेव्हापासून बहुतेकांचा समज असा, की हा डोळ्यांचा घोटाळा आहे. मुलाला अक्षरं उलटसुलट दिसतात, बस्स!

गंमत म्हणजे गेल्या काही दशकांतलं बरंचसं संशोधन बोट दाखवतंय ते कानाकडे. बाहेरून दिसणाऱ्या कानाकडे नव्हे हं. त्याच्या जरा वर, कवटीच्या आत, ऐकलेल्या आवाजाचे जिथे शब्द होतात त्या मेंदूच्या भागाकडे. तिथेच विजेचा अगदी बारीक प्रवाह सोडला तर वाचन सुधारतं का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत. जिनिव्हात, रोममध्ये, जर्मनीत.

आणि तासगावात? तासगावात त्याचा व्हिडिओ पोचलाय!

व्हाया व्हॉट्सॲप

तासगाव माझं आजोळ. मामेबहीण तालुक्यातच दिलेली. घरची दोन एकर द्राक्षबाग आणि चौथीतला एक मुलगा. तिने मला तो व्हिडिओ फॉरवर्ड केला आणि पाठोपाठ व्हॉइस नोट : ''अगं, हे बघ की जरा. डोक्याला करंट देतात म्हणं आणि पोरं वाचायला लागतात. पुण्यात कुठं असतं का गं असलं? बेदाणा गेला की पैशाचं बघता येईल.''

ज्यांना तासगाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'बेदाणा गेला की' हे तिथलं कॅलेंडर आहे. द्राक्षं उतरवायची, शेडमध्ये वाळवायची, बेदाण्याच्या सौद्यांत माल विकला गेला की पैसा हातात. मग बोअर मारायची, लेकीचं लग्न काढायचं, पोराला कॉलेजला घालायचं. त्या यादीत आता 'ब्रेन स्टिम्युलेशनचं पॅकेज' आलं होतं. व्हिडिओखाली फोन नंबर होता. ताईने फोन करून रेटही विचारला होता. बागेच्या एका सीझनच्या औषधफवारणीएवढा!

पोरगं एरवी स्मार्ट. सोनाका कुठली आणि माणिक चमन कुठली, हे घड हातात न घेता सांगतं. दाजींचा फोन बिघडला की दुरुस्तीला यांच्याचकडे. पण मराठीचं पुस्तक उघडलं, की एका ओळीला इतका वेळ, की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. 'खडा'चं 'कडा', 'घर'चं 'गर'. शाळेतून शेरा येतो : लक्ष नाही. घरी निष्कर्ष निघतो : आळशी आहे. त्याचा स्वतःचा निष्कर्ष त्याने मला एकदा कानात सांगितला होता, ''मावशी, मी ढ आहे.''

एका वीकएण्डला मी गेले. बेदाणा शेडच्या पायरीवर बसून आम्ही खेळ खेळलो. मी पाठमोरी बसून शब्द म्हणायचे, त्याने तस्सेच परत म्हणायचे. कडा, खडा, गडा, घडा. शांततेत त्याने जेमतेम निभावलं. तेवढ्यात शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला आणि चारही शब्दांचं एकच भरीत झालं. वैतागून म्हणाला, ''मावशी, तू सगळं एकच म्हणतीयस!''

त्याच्या कानांची तपासणी आधीच झालेली होती. रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे आवाज पोचतोय. पोचलेल्या आवाजाचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न.

कान ओके, मग लोचा कुठे?

(आता जरा सायन्स. घाबरू नका, पटकन आटपते.)

'क' आणि 'ख' एकदा तोंडाने म्हणून बघा. जीभ दोन्हीला एकाच जागी टेकते. फरक आहे तो मागून सुटणाऱ्या हवेचा आणि गळा कधी वाजायला लागतो त्याचा. हा सगळा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच उरकतो. एवढ्याशा वेळात मेंदूने तो टिपला नाही, तर 'खडा' आणि 'कडा' सारखेच. आणि जो आवाज कानात नीट वेगळा झालाच नाही, त्याला पाटीवरचं वेगळं अक्षर चिकटवायचं कसं? वाचन म्हणजे शेवटी चिन्ह बघून आवाज आठवणं. आवाजाचाच खण विस्कटलेला असेल, तर चिन्ह ठेवायचं कुठे?

मेंदू हे टिपायचं काम तालात करतो. श्रवणकेंद्रातल्या पेशी ठरावीक लयीत एकत्र चमकतात. बोलताना आपण सेकंदाला साधारण चार ते आठ अक्षरं उच्चारतो, त्यासाठी एक सावकाश लय. अक्षराच्या आतले बारीक ध्वनी पकडायला एक जलद लय, सेकंदाला साधारण तीस ठोक्यांची. समोरच्याचं बोलणं कानावर पडलं, की या लयी त्या बोलण्याशी जुळतात आणि सलग आवाजाचे नीट तुकडे पाडतात.

हे पटायला तासगावहून मिरजेला जावं. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. सतारीत वरच्या वाजवायच्या तारांखाली बारीक तारांचा आणखी एक थर असतो, त्या तरफेच्या तारा. वरची तार छेडली, की तरफेची तार कुणी हात न लावता झणकारते. अट एकच, तिचा सूर जुळलेला हवा. मेंदूतल्या लयींचंही साधारण असंच. बोलणं ही वरची तार, मेंदूची लय ही तरफ.

डिस्लेक्सियात ही तरफ जरा उतरलेली असते का? २०११ साली ॲन-लीज जिरो या फ्रेंच संशोधिकेच्या टीमने 'न्यूरॉन' या जर्नलमध्ये दाखवलं, की डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांच्या डाव्या श्रवणकेंद्रात त्या तीसच्या आसपासच्या लयीचा प्रतिसाद कमी पडतो. त्याच वर्षी केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी वेगळा मुद्दा मांडला. त्यांच्या मते मूळ अडचण सावकाश लयीत आहे, शब्दातल्या अक्षरांचा ठेकाच या मुलांना नीट लागत नाही. दोन्ही बाजूंचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय डिस्लेक्सिया असलेल्या प्रत्येक मुलाची अडचण कानाचीच असते असंही नाही. पण उच्चारातले आवाज सुटे करण्यात या मुलांना त्रास होतो, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे.

थोडक्यात काय, तर आळस हे निदान बाद!

मग करंटचं काय?

आता त्या व्हिडिओकडे येऊ. त्याच्या मुळाशी असलेला एक प्रयोग अस्सल आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या सिल्विया मार्केसोटी, ॲन-लीज जिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०२० मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी' या जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा विचार सरळ होता. तीसची लय कमी पडत असेल, तर बाहेरून तीसच्याच लयीत हलका करंट देऊन ती उचलून धरता येते का? डिस्लेक्सिया असलेले पंधराजण आणि नीट वाचणारे पंधराजण घेतले. डाव्या श्रवणकेंद्रावर, डोक्याच्या बाहेरूनच इलेक्ट्रोड लावून, वीस मिनिटं सेकंदाला तीस आवर्तनं करणारा, दिशा बदलत राहणारा प्रवाह दिला. याला म्हणतात टीएसीएस. तुलनेसाठी एकदा साठच्या लयीचा करंट दिला आणि एकदा नुसतंच नाटक केलं, म्हणजे इलेक्ट्रोड लावलेले पण करंट नाही.

निकाल? तीसच्या लयीनंतर डिस्लेक्सिया असलेल्यांची उच्चार सुटे करण्याची क्षमता सुधारली आणि वाचनातली अचूकताही वाढली. साठच्या लयीने असं झालं नाही. ज्यांचं वाचन जास्त कच्चं, त्यांना फायदा जास्त. आणि हे वाचा : जे आधीच उत्तम वाचणारे होते, त्यांचं काम करंटमुळे किंचित बिघडलं! म्हणजे लागलेल्या सतारीची खुंटी उगाच पिळली तर सूर उतरणारच.

या प्रयोगाचं मोल मोठं आहे. लय आणि ध्वनी ओळखणं या दोन गोष्टी नुसत्या सोबत दिसतात असं नाही. एक हलवली की दुसरी हलते, हे त्यातून कळलं. पण व्हिडिओवाल्यांनी तीन गोष्टी सोयीस्करपणे गाळल्या. एक, हे सगळे प्रौढ होते, एकही लहान मूल नव्हतं. दोन, संख्या तीस, त्यातही डिस्लेक्सियावाले पंधराच. तीन, फरक मोजला तो करंटनंतर लगेच. त्यावरून महिनाभराने कुणाचं वाचन सुधारेल असं काही सिद्ध होत नाही.

आणि हो, ताईच्या सासूबाईंच्या मनातली भीतीही इथेच काढून टाकते. ही सिनेमात दाखवतात ती शॉक ट्रीटमेंट नव्हे. त्या ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन साधारण आठशे मिलिअँपिअरचा करंट दिला जातो. इथे बहुतेक प्रयोगांत एक-दोन मिलिअँपिअर. माणूस जागा असतो, कातडीला मुंग्या आल्यासारखं होतं, कधी जागा जराशी लाल होते. संशोधकांच्या देखरेखीखाली प्रौढांवर झालेल्या प्रयोगांत ही पद्धत बऱ्यापैकी सुरक्षित ठरली आहे.

आणि मुलांवर?

मुलांवरही काम झालंय, फक्त अगदी थोडं. रोममधल्या बाम्बिनो जेसू या मुलांच्या हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या अठरा मुला-मुलींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. यातला करंट वेगळा, एकाच दिशेने वाहणारा. त्याला टीडीसीएस म्हणतात. जागाही वेगळी, श्रवणकेंद्राच्या मागे-वर, जिथे आवाज आणि अक्षर यांची सांगड घातली जाते. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. ज्यांना खरा करंट मिळाला, त्यांच्या क्वचित भेटणारे शब्द वाचतानाच्या चुका कमी झाल्या, निरर्थक शब्द वाचायला लागणारा वेळही घटला. महिन्याभरानेही फायदा टिकून होता.

पण थांबा! या मुलांना करंटसोबत दर वेळी वाचनाचा सरावही दिला जात होता, खरा करंट असो वा खोटा. करंट होता तो सरावाला टेकू म्हणून. सराव वजा केला तर काय उरतं, हे त्यातून कळत नाही.

जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मुलं, किशोरवयीन आणि प्रौढ यांच्यात तपासलं, की लयीतल्या करंटने सारखे वाटणारे उच्चार वेगळे ओळखता येतात का. ओळखणं सुधारलं, पण कुठला करंट उपयोगी पडतो हे वयाप्रमाणे बदललं. मोठ्यांना जो लागू पडतो तो लहानांनाही पडेलच, असं नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. मुलाची कवटी पातळ, मेंदू अजून घडतोय. तेवढ्याच करंटचा आत पोचणारा डोस वेगळा. कुणाला फिट्स येत असतील तर गोष्ट आणखी नाजूक. २०१६ साली 'ॲनल्स ऑफ न्यूरॉलॉजी' या जर्नलमध्ये याच क्षेत्रातल्या संशोधकांनी घरच्या घरी अशी यंत्रं वापरणाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं होतं. मुद्दा असा, की एक क्षमता वाढवताना दुसरी कमी होऊ शकते, परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त काळ टिकू शकतात आणि प्रत्येकाचा मेंदू सारखं उत्तर देत नाही. जे स्वतः हे काम करतात तेच सांगताहेत, की घरी करू नका. यापेक्षा आणखी काय हवं?

मुलांच्या डिस्लेक्सियासाठी मेंदूला करंट देणं आज प्रयोगशाळेतला आशादायक प्रश्न आहे. दुकानातलं औषध नाही. कुणी बेदाण्याच्या पैशावर त्याचं पॅकेज विकत असेल, तर तो उत्तराच्या आधीच बिल फाडतोय.

मशीन नको, मग काय करायचं?

हे सगळं मी ताईला अंगणात बसून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''बरं, मशीन नको. पर मग वर्षभर नुसतं बघत बसू का? पोरगं पुढच्या वर्षी पाचवीत जाईल.''

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आणि त्याला उत्तर आहे, कारण हे सगळं संशोधन ज्या गोष्टीकडे बोट दाखवतंय ती तासगावात फुकट करता येते. कानाला आवाज सुटे करायला शिकवायचं आणि प्रत्येक सुट्या आवाजाला त्याचं अक्षर जोडून द्यायचं. इंग्रजीत याला फोनिक्स म्हणतात. वाचनाची अडचण असलेल्या मुलांवरच्या बावीस चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. त्यात वाचन आणि लेखनावर खात्रीलायक परिणाम दिसलेला उपाय एकच निघाला, तो म्हणजे फोनिक्स. रंगीत चष्मे वगैरे बाकीची मंडळी त्या परीक्षेत पास झाली नाहीत.

आणि आपल्याकडे तर अर्धी तयारी आधीच झालेली आहे. आपली वर्णमाला म्हणजे आवाजांचा नकाशाच की! क-वर्ग गळ्याजवळ, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वर वळवून, त-वर्ग दातांना, प-वर्ग ओठांवर. प्रत्येक ओळीत साधा, मग हवेचा, मग गळा वाजवणारा, मग दोन्ही. शाळेत आपण हे पोपटासारखं म्हटलं आणि विसरून गेलो. पण तोंडासमोर तळहात धरून 'क' आणि 'ख' म्हणा. 'ख'ला हातावर वाफ येते. गळ्यावर बोट ठेवून 'क' आणि 'ग' म्हणा. 'ग'ला बोट थरथरतं. कानाला न लागणारा फरक हाताला लागतो!

त्याच संध्याकाळी भाच्याने हे करून बघितलं. दहा मिनिटांत तो घरभर फिरून सगळ्यांच्या तोंडासमोर हात धरत होता. आजीने 'खोबरं' म्हटलं तर याने ओरडून सांगितलं, ''वाफ आली!'' लगेच त्याला वाचता यायला लागलं का? अजिबात नाही. पण 'ढ आहे' म्हणणारं पोरगं त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांची परीक्षा घेत होतं.

एक अडचण आपल्या लिपीचीही आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चार नंतर. जोडाक्षरात अर्धं अक्षर कुठे लपलंय ते शोधायचं. त्यामुळे बाराखडी नुसती घोकून भागत नाही. 'की' म्हणजे 'क्' आणि 'ई', हे तोडून-जोडून दाखवावं लागतं. मण्यांनी, बेदाण्यांनी, कशानेही. एक बेदाणा एक आवाज. तासगावात बेदाण्यांना काय तोटा!

आणि ताल? इटलीत २०१५ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या ४६ मुलांचे दोन गट केले. एकाला सात महिने संगीत, दुसऱ्याला चित्रकला. संगीतवाल्यांची उच्चार ओळखण्याची आणि वाचनाची प्रगती जास्त झाली. म्हणून लेझीम, टाळ्यांचे खेळ, तबल्याचा क्लास हे अभ्यासाच्या वेळेत लुडबूड करणारे प्रकार समजू नका. ते अक्षरांच्या सरावाची जागा घेणार नाहीत, पण जोडीला मात्र चांगले.

कागद महत्त्वाचा

घरचा खेळ म्हणजे निदान नव्हे. मी पायरीवर बसून केलं ते तर नाहीच नाही. निदान तज्ज्ञांनी करायचं आणि ते मुलाच्या भाषेत करायचं. मराठी माध्यमातल्या पोराची पारख इंग्रजी शब्दांवर केली, तर ती इंग्रजीची पारख होते, डिस्लेक्सियाची नाही. हरयाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या टीमने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाच्या चाचण्या तयार केल्या. २०१५ मध्ये त्या आल्या, तेव्हा हिंदी, कन्नड आणि इंग्रजीच्या बरोबरीने मराठीही त्यात होती. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक, अशा प्राथमिक चाचण्या वर्गावरच्या शिक्षकांनाही वापरता येतात. भाच्याच्या शाळेत कुणी त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी प्रिंटआउट नेऊन दिला. बाईंनी तो चष्मा लावून, उभ्या-उभ्या सगळा वाचला आणि म्हणाल्या, ''माझ्या वर्गात अशी अजून दोघं आहेत.''

सवलतींचं म्हणाल तर महाराष्ट्र या बाबतीत पुढे होता. १९९६ पासून इथे लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली तीही त्याच वर्षी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अडचण २१ प्रकारच्या अपंगत्वांच्या यादीत घेतली. म्हणजे जादा वेळ, गरज पडली तर लेखनिक, या गोष्टी मागायला आता लाजायचं कारण नाही. त्यासाठी लागतं ते सरकारमान्य प्रमाणपत्र आणि ते मुलाला आठ वर्षं झाली की मागता येतं. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये प्रक्रिया विचारायची आणि हेलपाट्यांची तयारी ठेवायची. 'सर्टिफिकेट घेतलं तर पोराला शिक्का बसेल' असं दाजी म्हणाले. ताईने एका वाक्यात विषय संपवला, ''शिक्का तर कधीच बसलाय, आळशी म्हणून. हा निदान खरा तरी असेल.''

बेदाणा गेला. पैसे आले. पॅकेजवाल्याचे दोन फोन येऊन गेले, ताईने ते उचलले नाहीत. खर्च झाला तो सांगलीच्या फेऱ्यांवर, तपासणीवर आणि आठवड्यातून दोनदा एका विशेष शिक्षिकेच्या शिकवणीवर. उरल्या पैशात भाच्याने हट्टाने हलगी मागून घेतली. घरचे आता कानात बोटं घालून बसतात. वाचनाचा वेग अजून कासवाचाच आहे. पण परवा त्याने औषधाच्या डब्यावरचं नाव एकेक आवाज तोडत, शेवटपर्यंत, कुणालाही न विचारता वाचलं. ते इंग्रजी नाव मला दोनदा वाचावं लागलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

चौकट : 'ब्रेन मशीन' विकणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न

१. तुम्ही दाखवता तो प्रयोग मुलांवर झालाय की मोठ्यांवर? किती जणांवर?

२. तुमचा करंट आणि त्या प्रयोगातला करंट एकच आहे का? मेंदूच्या त्याच जागी देता का? टीएसीएस आणि टीडीसीएस ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

३. खोटा करंट देऊन तुलना केली होती का? नाहीतर नुसतं 'मशीन लावलं' या आनंदानेही पोरं दोन दिवस बरी वाचतात.

४. सोबत वाचनाचा सराव कोण देणार? 'सरावाची गरजच नाही' असं उत्तर आलं तर चप्पल पायात घाला आणि निघा.

५. सहा महिन्यांनी काय झालं, हे कुणी मोजलंय का? उत्तर लेखी द्या म्हणावं. लेखी मागितलं की अर्धी पॅकेजेस आपोआप बंद पडतात.